आठ तास एकोणीस मिनिटं

मंगळवारी सकाळी साक्षी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पालथी पडली. ओठ दाताखाली सापडला आणि रक्त आलं. फार नव्हतं, पण वीस महिन्यांच्या लेकराच्या तोंडात थोडंही रक्त पुष्कळ दिसतं. धम्मदीपा दोन हातांच्या अंतरावरच बसली होती, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून. तिनं दोन्ही हात पुढं केले. पोर उठली, क्षणभर आवाजच फुटेना, मग फुटला, आणि रडत रडत ती आईच्या अंगावरून पुढं गेली. जाताना तोल सावरायला तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा भिंतीवर ठेवतात तसा, आणि थेट स्वयंपाकघरात आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. धम्मदीपाचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले. कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिनं ते हळूच खाली घेतले आणि आपण मुळात पाय चोळायलाच हात पुढं केले होते अशा बेतानं मांड्या चोळू लागली. गुडघ्यावर लाळेचा आणि रक्ताचा एक ओला ठिपका राहिला होता. आतून सासूबाईंचा आवाज येत होता, "कोनं मारलं माह्या बाईले? उंबऱ्यानं? हान त्याले, हान."

उठायचं म्हटलं असतं तरी चटकन उठता आलं नसतं, हे खरंच होतं. रविवारी धम्मदीपानं धरणात एक किलोमीटर नऊशे मीटर पोहून, नव्वद किलोमीटर सायकल चालवून आणि एकवीस किलोमीटर धावून ती लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पुरी केली होती. साडेआठ तासांची मुदत, आठ तास एकोणीस मिनिटं. जिल्ह्यातल्या सायकलवेड्या मास्तर-डॉक्टर मंडळींनी पहिल्यांदाच घाट घातला होता. सात बायका उतरल्या, तीन पोहोचल्या, आणि त्या तिघींत लेकुरवाळी ही एकटीच. काल दिवसभर कॉलनीतल्या बाया येऊन गेल्या. कुणी तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, कुणी विचारलं, "अन् लघवीले लागली तं काय करता वो?" आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. हसताना पोटातले स्नायू दुखत होते, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं तिनं सांगितलं. पण पायांचं कारण पुरेसं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पाय धड असते तरी पोर तिच्याकडे वळली नसती. दुखणाऱ्या मांड्यांच्या आडोशाला बसून आपण हे पाहिलं, एवढंच.

भीतीपासून सगळं सुरू झालं होतं. साक्षी जन्मली त्या रात्रीपासून धम्मदीपाला लेकराचा श्वास मोजायची सवय लागली. नाकाशी बोट धरायची, तेवढ्यानं भागेना, मग पोटावर हात. बादलीतलं पाणी, शर्टाची बटणं, भिंतीवरची पाल, पंख्याचा नट, शेंगदाण्याचा दाणा. घरातली एकेक वस्तू आपलं खरं रूप दाखवू लागली होती. एम.एस्सी. झालेली बाई, कनिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासांवर जीवशास्त्र शिकवणारी. फुप्फुसात पाणी गेल्यावर काय होतं हे तिला आकृतीसकट माहीत होतं, आणि माहीत असल्यानं काहीच सोपं होत नव्हतं. वीज कंपनीत असलेला तिचा नवरा संघदीप म्हणायचा, "अगं, सगळ्यांचीच पोरं वाढतात." आपल्या आईबापांना कधी वाटलं नसेल असं काही हिला वाटतंय, अशा नजरेनं बघायचा. संघदीपच्याच शाळेत कधीकाळी पी.टी. शिकवणारे उदयसिंग सर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, निवृत्त झाल्यावर वाशिमात राहायला आलेले. एकदा घरी आले असता तिच्याकडे बघत म्हणाले, "बेटा, पोहता येतं का तुला? डोकं पाण्याखाली घाल थोडं. तिथं आवाज येत नाही." त्यांनी सहज म्हटलं असेल. पण दुसऱ्या आठवड्यात धरणाच्या गार, हिरवट पाण्यात तोंड खाली घातलं आणि साताठ महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणाचंही रडणं ऐकू आलं नाही. तिनं वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा घाईनं खाली गेली. उपाशी माणूस दुसऱ्या घासाला जातं तशी.

पोहायला तिला बापानं शिकवलं होतं. पुंजाजीनं. सरकारी योजनेत विहीर मिळाली आणि पाणी लागलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. गावच्या विहिरीवर ज्याच्या आजीला लांब उभं राहून कुणीतरी वरून ओतेल त्या पाण्याची वाट पाहावी लागली, त्या माणसानं आपल्या विहिरीत आधी मोटर सोडली नाही, लेक सोडली. पाठीला वाळलेला भोपळा बांधून. "भिऊ नको. पानी आपलं हाय," असं काठावरून ओरडत होता. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती किंचाळली, तरी तो खाली उतरला नाही. त्या वेळी तिला बापाचा इतका राग आला होता, की रागानंच हात चालले. पुढं किती वर्षं तिला तो माणूस निर्दय वाटायचा. आता वाटत होतं, त्याला काठावर उभं राहणं किती जड गेलं असेल. मग लगेच वाटत होतं, नसेलही गेलं. असं सगळं जड गेलेलं असतंच असं नाही. कधी माणसाला आपलं लेकरू दूर पाण्यात पाहून नुसता आनंदही होत असेल.

सायकलचा सराव वाढला तेव्हा दुधाची अडचण सुरू झाली. साक्षी तेव्हा पंधरा महिन्यांची. तीन तास झाले की छाती दगडासारखी भरून यायची, हँडलवर वाकलं की कळ थेट काखेत. ऑगस्टातल्या एका सकाळी मानोऱ्याच्या रस्त्यावर तिनं सायकल बाभळीला टेकवली आणि तुरीच्या तासात शिरून, उकिडवी बसून दूध पिळून टाकलं. काळ्या ओल्या मातीवर पांढरे थेंब पडत होते आणि माती ते लगेच पिऊन टाकत होती. चार मुंग्या आल्या. तिला तेव्हा लाज नाही वाटली, वाईटही नाही वाटलं. उशीर होतोय असं वाटलं. हे तिनं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, की नक्की काय वाटलं होतं? प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. त्याच दिवशी दुपारी सासूबाई दळण आणायला गेल्या असताना तिनं कडुलिंबाचा पाला तोडला, मिक्सरमध्ये वाटला आणि छातीला लावला. पोर नेहमीसारखी झेपावली, तोंड लावलं, आणि थांबली. ओरडली नाही. जीभ बाहेर काढून तिनं वर बघितलं, आईच्या तोंडाकडे. कडू काय लागलं याचा शोध तिनं छातीवर घेतला नाही, चेहऱ्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं लांबूनच वास घेतला. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या हातानं आईचं कापड खाली ओढलं आणि झाकून टाकलं.

घरात तिनं सांगितलं, दूध आटलं. संघदीपनं तिच्या पाठीवर हात फिरवला. पण सासूबाई, भागिरथाबाई, नातीसाठी अनसिंगजवळचं गाव आणि चार एकर रान दिराच्या भरवशावर टाकून वाशिमात येऊन राहिलेली बाई, त्या लगेच कामाला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून हळिवाची खीर. डिंकाचे लाडू. शतावरी घातलेलं दूध. "खाय, दीपे. येते परत. लेकरू दोन वर्षं तरी पिलं पायजे." धम्मदीपा मान खाली घालून खायची. वाटी रिकामी करून परत द्यायची. महिना झाला, दोन झाले, दूध येत नाही हे उघड झालं तरी खीर थांबली नाही. आणि तिच्या मांड्या भरत गेल्या, दम वाढला, उदयसिंग सर घड्याळ दाखवून म्हणाले, "क्या बात है, बेटा! काय खाते गं तू?" तिनं खरं तेच सांगितलं, सासूबाई खीर देतात. एका बाईनं नातीच्या तोंडी जावं म्हणून रांधलेलं दुसरीनं आपल्या पायात साठवलं. हे चोरीपेक्षा काही वेगळं असेल तर त्याला नाव तिला सापडत नव्हतं.

रविवारी पाणी इतकं गार होतं की पहिल्या दहा हातांत कपाळ दुखलं. काठावर भोयांच्या दोन होड्या, पाण्यात नारंगी फुगे, मागं गव्हाच्या रानांवरून येणारा धूर. मग आवाज बंद झाला. पाऊण तासाच्या वर ती त्या बंद आवाजात होती. बाहेर आली तेव्हा काठावर टाळ्या वाजत होत्या. भागिरथाबाईंच्या कडेवर साक्षी होती, हे तिनं पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांना ते दिसलं, फुगा दिसतो तसं. मग सायकल. शेलूबाजारचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली तूर, हरभऱ्याची आंबूस ओली हवा, मागून येणारा वारा. शरीर कुठंच दुखत नव्हतं. समोरच्या चाकाखालून रस्ता असा काही निघून जात होता, की आपल्याला नावही नाही असं वाटावं. कॉलेज नव्हतं, कॉलनी नव्हती, मोजायला कुणाचा श्वास नव्हता. शेलूबाजारच्या वळणावर मंडप टाकला होता. तिथं केळी-पाणी द्यायला आसपासच्या बचतगटाच्या बाया होत्या. सोजरबाई नावाची एक म्हातारी, नाव बिल्ल्यावर लिहिलेलं होतं, तिच्या बाटलीत पाणी ओतता ओतता म्हणाली, "कावून इतकी वाळून गेली, माय? लेकरं किती तुले?"

"नाहीत," धम्मदीपा म्हणाली.

बाई थांबली. तिनं बाटलीचं झाकण नीट लावलं, ओला हात धम्मदीपाच्या गालावर ठेवला. "होईन, बाई. होईन. जीव नको जाळू असा," म्हणाली, आणि एक केळं जास्तीचं दिलं. धम्मदीपानं ते घेतलं, "येते" म्हणाली आणि सायकल वळवली.

परतीला वारा तोंडावर आला. बासष्ट-त्रेसष्ट किलोमीटर झाले असतील, तिनं पाठीच्या खिशातून डिंकाचा लाडू काढला, दातांनी तोडला. जायफळ जरा जास्त होतं. सासूबाईंच्या हाताला जायफळ नेहमीच जास्त पडतं. सासूबाई, मग त्यांचं स्वयंपाकघर, मग दारामागची लाल खुर्ची, मग त्या खुर्चीत बसणारी. लेकीपर्यंत पोहोचायला तिला आधी एवढं घर ओलांडावं लागलं. तेव्हा तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. पायडल मारणं थांबलं नाही, हे तिला आजही नवल वाटतं. पाय फिरत राहिले आणि ती वर बसून थंड पडत गेली. आपण खोटं बोललो असतो तर बरं होतं, असं तिच्या मनात आलं. खोटं बोलायला आधी खरं आठवावं लागतं.

धावण्याचा रस्ता धरणाच्या भिंतीवरून होता, चार फेऱ्या. दर फेरीला एकदा ती ताडपत्रीच्या सावलीवरून जायची, जिथं संघदीप, सासूबाई आणि साक्षी बसले होते. संघदीप उठून ओरडायचा, "चल दीपा, झालं, झालं!" ती हात वर करायची, पण बघायची समोरच्या डांबराकडे. दुसऱ्या फेरीत पोटात गोळे आले. तिसऱ्या फेरीत ती रस्त्याकडेला वाकली आणि लाडू, केळं, सगळं ओकली. एक मुलगा खुर्ची घेऊन धावत आला, "ताई, बसा, सोडून द्या, काही नाही होत." तिनं खुर्चीकडे पाहिलं. बसलं की ते ताडपत्रीत नेणार, आणि ताडपत्रीत पोर आहे. म्हणून ती चालू लागली, मग धावली. लोक टाळ्या वाजवत होते आणि जिद्द जिद्द म्हणत होते. तिला पुरं करायची जिद्द मुळीच नव्हती, थांबायची भीती होती. शेवटच्या फेरीत साक्षी आजीच्या मांडीवर झोपली होती आणि त्या एकाच फेरीत धम्मदीपानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

फितीपाशी संघदीपनं झोपेतून उठवलेली पोर तिच्या हातात दिली, कारण फोटोवाला तसं म्हणाला. धम्मदीपाच्या तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते, ओठ फाटले होते. साक्षीनं तो चेहरा जवळून पाहिला आणि भोकाड पसरलं. सोमवारच्या पेपरात तोच फोटो आला. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, चिमुकलीच्या आईची पोलादी झेप. धम्मदीपाच्या पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की शेलूबाजारला पेपर जातो.

आणि आज, मंगळवारी, दुपारी उदयसिंग सरांचा मेसेज आला. पुढच्या हिवाळ्यात याच्या दुप्पट अंतराची स्पर्धा आहे. नाव देऊ का, बेटा? तिनं फोन उचलला आणि आपलं बोट होकाराची अक्षरं शोधतंय हे पाहिलं. मांड्या उचलवत नव्हत्या, सकाळी पोर भिंत धरावी तशी धरून पुढं गेली होती, आणि बोट शोधत होतं. तिनं फोन पालथा ठेवला. साक्षी आजीच्या खोलीत झोपली होती. भागिरथाबाई पुढच्या दारात, उन्हाला पाठ करून, ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. धम्मदीपा भिंत धरत धरत गेली आणि त्यांच्यासमोर बसली. दोनचार शेंगा सोलल्या.

"आई, माझं दूध आटलं नव्हतं."

"ठाऊक हाय मले."

पुढची शेंग धम्मदीपाच्या हातातच राहिली. "कधीपासून?"

"त्याच दिसापासून. सांजेले मिक्सरात शेंगदाण्याची चटनी केली म्या. कडूजहर. संघदीपले म्हटलं, दाने खवट निघाले. सकाळी झाडाखाली गेली तं पाला तोडलेला. तुह्या हाताले पोचते तितल्याच उंचीचा."

"मग खीर कशाला देत होतात?"

"वाट पाहत होती." भागिरथाबाईंनी दाणे ताटात सारले. "म्हनो, सून वाटी हाती घेईन अन् सांगन मले. आज सांगन, उद्या सांगन. पाच महिने झाले. हळीव कोन्या दुकानात चांगला भेटते ते आता मले पाठ हाय."

"तुम्ही रागावला असता."

"रागावलीच असती. एखांदी थापड देली असती. मंग झालं असतं. लेकरू तोडाच लागते कवा ना कवा. संघदीपले म्या तंबाखूचं पानी लावून तोडलं. वावरात निंदाले जा लागे. पन सासूले सांगून तोडलं, नवऱ्याले सांगून तोडलं. रडली बी." मग त्यांनी डोळे वर न करता विचारलं, "अजून काई हाय?"

ऊन पायरीवरून खाली सरकलं होतं. इथं उठून आत जाता आलं असतं. "शेलूबाजारला एका बाईनं विचारलं, लेकरं किती," धम्मदीपा म्हणाली. "मी म्हटलं, नाहीत."

भागिरथाबाईंचा हात थांबला. "दीठ लागू नये म्हून?"

सुटकेचं दार उघडं करून दिलं होतं त्यांनी. तसं काही ह्या घरात कुणी मानत नव्हतं, त्याही मानत नव्हत्या, तरी दिलं होतं. हो म्हटलं असतं तर दोघी पुन्हा शेंगा सोलत बसल्या असत्या.

"नाही. आठवलीच नाही."

"कितीक वेळ?"

"तीन तास. पाण्यातून निघाले तेव्हापासून."

"बरं वाटलं?"

"हो," धम्मदीपा म्हणाली. आवाज बसका आला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "फार."

भागिरथाबाईंनी फोलपटं पदरात गोळा केली. उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला. त्यांनी शिवी दिली असती, रडल्या असत्या, तर धम्मदीपाला काहीतरी धरायला सापडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तूर सोंगाले आली. उद्या म्या गावाले चालली."

"आणि साक्षी?"

"साक्षी तुही हाय."

दुसऱ्या दिवशी संघदीपनं कामावर जाता जाता आईला मोटरसायकलवर स्टँडला नेलं. "अचानक कसं काय ठरवलं हिनं? काही बोलणं झालं का तुमचं?" निघताना त्यानं विचारलं. "तूर आहे ना," धम्मदीपा म्हणाली. भागिरथाबाईंनी नातीचा मुका घेतला नाही, मागं वळून पाहिलं नाही. जिना उतरताना मात्र त्यांनी कठडा घट्ट धरला होता. धम्मदीपानं कॉलेजात फोन करून दोन दिवसांची रजा सांगितली आणि दार लावलं.

पोर दारापाशी गेली. "आज्जी," म्हणाली. कडीकडे बोट दाखवलं. मग दार वाजवलं, आधी तळव्यानं, मग डोक्यानं. धम्मदीपा जवळ गेली तर तिनं पाय झाडले. उचललं तर कमरेतून मागं वाकली, इतकी की हातातून निसटली असती. खाली ठेवलं. वाटीत वरणभात आणला, तो उडाला. रडणं वर चढायचं, खाली यायचं, संपलं असं वाटायचं आणि नव्यानं सुरू व्हायचं. धम्मदीपाला घड्याळाकडे बघायचं नव्हतं. ती दोन हातांच्या अंतरावर भिंतीशी बसली आणि ऐकत राहिली. इतका वेळ, मध्ये कुणी न घेता, कुणाकडे न देता, तिनं हे रडणं कधी ऐकलं नव्हतं. त्यात काय काय असतं ते तिला कळत गेलं. आधी राग होता, मग हाका, मग नुसता घसा. तिच्या छातीत काहीच भरून आलं नाही. वाट पाहिली, पण आलं नाही. तरी ती उठली नाही.

बारा वाजून गेल्यावर साक्षी दाराच्या फटीशीच कलंडली. हुंदके येतच होते, डोळे मिटत होते. तिनं उजवा हात वर नेला, चाचपडला, आणि स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. हळूहळू चोळली. चोळता चोळता श्वास लांब झाला, तोंड किंचित उघडं राहिलं. धम्मदीपा सरकत सरकत हातभर जवळ आली आणि पाहत राहिली. पोर झोपताना कान धरते हे तिला माहीत नव्हतं. आजीचा धरत असेल, आणि आज आजी नाही म्हणून स्वतःचा. की पहिल्यापासूनच स्वतःचा धरते? कधीपासून? विचारायला घरात कुणी नव्हतं.